डिझेलचं टॉनिक आणि माझं गणित

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डिझेलचोर नाही. हे मला जळगावात आतापर्यंत तीनदा सांगावं लागलं आहे. एकदा भाजीवालीला, एकदा आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांना आणि एकदा चक्क देवळात, नैवेद्याचं ताट हातात असताना. बत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही, कुणाचा अर्धा कापला नाही. अशा माणसाला लोक रस्त्यात अडवून विचारतात, "सर, ते पारोळ्याजवळ काय झालं होतं हो?" पारोळ्याजवळ काहीही झालं नव्हतं. झालं ते धुळ्याजवळ. बदनामी करायचीच आहे तर निदान गाव तरी बरोबर सांगा!

सुरुवात माझ्या साडूनं केली. माझ्या बायकोची, म्हणजे सुलक्षणाची, धाकटी बहीण नूतन धुळ्याला असते. तिचा नवरा अभिमन. नरडाण्याला एका तेलाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. कारखाना बंद पडला. मग दीड वर्ष कुठल्या कार्यक्रमात दिसला नाही, आणि दिसला तो त्याच्या मुलीच्या, पुनमच्या, साखरपुड्यात. हातात निळ्या रंगाची बाटली. एजन्सी घेतली होती म्हणे.

"सर, हे डिझेलमध्ये टाकायचं," तो भर पंगतीत सांगू लागला. "चाळीस लिटरला एक बाटली. अ‍ॅव्हरेज चारनं वाढतं. गॅरंटी."

आता या 'अ‍ॅव्हरेज'बद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. अ‍ॅव्हरेज म्हणजे सरासरी. सरासरीला एकापेक्षा जास्त आकडे लागतात, हे मी पाचवीच्या वर्गाला शिकवत आलो. आणि इथे अख्खा जिल्हा एका फेरीवरून "गाडी अठराचं अ‍ॅव्हरेज देते" असं छातीठोक सांगतो! कशाची सरासरी? कुणाची? मी हे तिथे पंगतीत विचारलं. लोक मठ्ठा वाढणाऱ्याकडे बघू लागले.

"चार वाढतात हे कुणी मोजलं?" मी अभिमनला विचारलं.

"कंपनीनं."

"कंपनी स्वतःच्या बाटलीला नापास करेल का? पंपावर ते प्रीमियम डिझेल मिळतं ना, लिटरला पाच रुपये जास्त देऊन, त्यानं फार तर अर्धा-पाऊण किलोमीटर वाढेल. बाटलीनं शून्य. लिहून घे."

अभिमनचा चेहरा पडला. पण तेवढ्यात आमच्या सासूबाई भिकुबाई, वय ब्याऐंशी, ज्यांना सगळे अक्का म्हणतात आणि ज्यांच्यापुढे आजवर एकाही जावयाचं काही चाललेलं नाही, त्यांनी हातातला मांडा खाली ठेवला.

"भांडू नका. मोजी ल्या," अक्का म्हणाल्या. "आन जो हारी, त्यानी लगीनमा माईकवर बठ्ठास समोर सांगानं, मन्हं गणित चुकनं."

सगळे हसले. अभिमनला काय, त्याचं गणित शाळेपासून चुकत आलेलं. पण मी? त्या मांडवात अर्धे माझे विद्यार्थी असणार. त्यातल्या कित्येकांच्या वहीवर मी लाल शाईनं हेच वाक्य लिहिलेलं. माईकवर, सगळ्यांसमोर, ते मी म्हणायचं? मी पैज घेतली. लग्नाला पाच आठवडे होते.

पद्धत सोपी होती. माझी गाडी डिझेलची, जुनी, पण तब्येतीनं ठणठणीत. जळगावात टाकी फुल करायची, धुळ्याला जायचं, परत यायचं, त्याच पंपावर पुन्हा फुल करायची. जाऊन-येऊन एकशे नव्वद किलोमीटर. किलोमीटर भागिले लिटर. एक फेरी साध्या डिझेलवर, एक प्रीमियमवर, एक बाटलीवर. यात चुकण्यासारखं काय आहे? मीही तेव्हा हेच म्हणालो होतो.

पहिल्या फेरीला सकाळी गाडी बाहेर काढली आणि समोर रुपचंद नाना उभे. आमचे शेजारी, एस. टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर.

"सर, धुळाले गाडी रिकामीच चालनी ना?"

हे वाक्य ऐकलं की खानदेशातल्या गाडीवाल्यानं समजावं की आपली गाडी आता आपली राहिली नाही. रिकामी गाडी गावाला जाणं हे आमच्याकडे पाप आहे. दहा मिनिटांत मागच्या सीटवर भरताच्या वांग्यांचं एक पोतं, उडदाच्या पापडांचे दोन डबे, कुणाच्या तरी लेकीसाठी केळ्यांचा अख्खा घड आणि समोरच्या झुंबरबाईंच्या सुनेनं माहेरी परत पाठवलेला पाटा आला. वरवंट्यासकट! मी ओरडलो, "अहो, हा प्रयोग आहे! वजनानं अ‍ॅव्हरेज कमी होतं!" (हो, मीही अ‍ॅव्हरेज म्हणालो. माणूस चिडला की भाषा सुटते.) त्यावर झुंबरबाई म्हणाल्या, "सर, पाट्याला कुठे डिझेल लागतं?"

वजन आलंच आहे तर निदान मोजून तरी घेऊ म्हणून वाटेत ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी चढवली. काट्यावरच्या माणसानं विचारलं, "माल काय?" मी म्हणालो, "माल नाही, प्रयोग आहे." त्यानं खिडकीतून आत पाहिलं आणि पावतीवर लिहिलं, 'वांगी'. भरलेल्या गाडीचं वजन आणि गाडीच्या पुस्तकातलं रिकाम्या गाडीचं वजन यांच्या फरकातून मला आणि डिझेलला वजा केलं. उरले एकशे बारा किलो. मी ते वहीत मांडलं.

संध्याकाळी पंपावर परत. नोझल टक् करून बंद पडलं तेव्हा मीटरवर नऊशे त्रेसष्ट रुपये होते. मी "बस!" म्हणेपर्यंत पंपावरच्या माणसानं पुन्हा खटका दाबला आणि टाकीत डिझेल ठासून बरोबर हजारावर आणलं.

"अहो, हे काय केलंत?"

"राउंड फिगर केलं, सर. सुट्टे नाहीत."

राउंड फिगर! या दोन शब्दांनी या देशातल्या मोजमापाचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं कशानंच केलं नसेल. पण मी हुशारीनं ठरवलं की आता दर वेळी टाकी अशीच गळ्यापर्यंत भरायची. चूक करायची तर प्रत्येक वेळी सारखी करायची, म्हणजे ती चूक राहत नाही. साध्या डिझेलचा निकाल आला लिटरला सतरा पॉइंट तीन. खर्च किलोमीटरला पाच रुपये सव्वीस पैसे.

दुसरी फेरी प्रीमियमची, आणि इथेच माझ्या अब्रूचा पंचनामा झाला. आमच्या पंपावर प्रीमियम "उद्या येईल" असं सलग नऊ दिवस ऐकल्यावर ठरवलं की धुळ्याच्या हायवेवरच्या पंपावर टाकी फुल करू आणि फेरी उलटी करू, धुळे-जळगाव-धुळे. पण टाकीत आधीचं साधं डिझेल असताना वर प्रीमियम ओतलं तर ती भेसळ झाली, प्रयोग नव्हे. आमचे मेकॅनिक गनीभाई म्हणाले, "सर, इतकं मनाला लावून घेऊ नका. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, पाय हलका ठेवा, झालं." मी म्हणालो, "गनीभाई, शास्त्रात 'झालं' नसतं." त्यांनी उसासा टाकून मला दीड वाव लांब नळी आणि एक कॅन दिला.

वजनाचीही पंचाईत होती. या वेळी वांगी कमी निघाली आणि पाटा गेलेला. एकशे बारा किलो व्हायला सत्तर किलो कमी पडत होते. नाना म्हणाले, "मी शे ना. मन्हं वजन बहात्तर." दोन किलोचा फरक मी मोठ्या मनानं सोडून दिला आणि नानांना वजन म्हणून मागे बसवलं.

धुळ्याच्या अलीकडे एका ढाब्यामागे ट्रकच्या सावलीत गाडी लावली. साधं डिझेल काढून घ्यायचं, मग पंपावर जायचं. टाकीत नळी घातली, दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. डिझेलची चव कशी असते ते मी कुणाला सांगणार नाही, पण त्यानंतर चार दिवस सुलक्षणाचं वरणही मला तसंच लागत होतं. तोंडात नळी, पायाशी कॅन, डोक्यावर ट्रक, अशा अवस्थेत मागून आवाज आला, "पकडो! डिझेल चोर!"

ज्याच्या सावलीत मी उभा होतो त्या ट्रकचा ड्रायव्हर. मी बोलायला तोंड उघडलं तर तोंडातून डिझेल आलं. यापेक्षा भक्कम पुरावा जगात कुठल्या चोरानं दिला नसेल. पंधरा माणसं जमली. नाना कुठे होते? नाना चहा पीत होते. आणि गर्दी बघून आधी चहा संपवला, मग आले.

हायवेवरच्या चौकीत जमादार होते. सभ्य माणूस, पण मान वर करत नव्हते.

"डिझेल तुमचंच, याला पुरावा काय?"

मी पंपाची पावती काढली. ती दहा दिवस गाडीत काचेपाशी उन्हात पडलेली, तिच्यावर आता काहीच उरलं नव्हतं. कोरा पांढरा कागद मी जमादारांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटून पाहिला.

"व्यवसाय?"

"निवृत्त शिक्षक. गणित."

"स्वतःच्या गाडीतलं डिझेल काढून परत डिझेलच भरणार होता?"

"साधं काढून प्रीमियम."

"मग साध्याचं काय करणार होता?"

"परत येताना भरणार होतो."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. नानांनी मदत म्हणून पुढे होऊन सांगितलं, "साहेब, सर चांगला माणूस शे. मले फक्त वजन म्हणून आणेल शे." त्यानंतर आम्हां दोघांना बाकावर बसवलं गेलं.

सोडवायला कोण यावं? अभिमन. सुलक्षणानं नूतनला फोन केला, नूतननं त्याला पाठवला. तो आला, हात जोडून म्हणाला, "साहेब, हे माझे साडू. चोर नाहीत, हट्टी आहेत." माझ्या चारित्र्याचा दाखला, आणि तो कुणी द्यावा, तर ज्याला मी खोटा पाडायला निघालो होतो त्यानं! जमादारांनी माझा दीड पानी जबाब लिहून घेतला, सही घेतली, आणि निघताना दारापर्यंत येऊन हळूच विचारलं, "पण सर, शेवटी निघालं काय? माझ्या गाडीत कोणतं टाकू?"

प्रयोग मात्र मी पुरा केला. फक्त, प्रीमियमवर निघालेल्या त्या फेरीत एरंडोलला नाना "दोन मिनिटं" म्हणून मेहुण्याकडे उतरले आणि परत चढलेच नाहीत. बहात्तर किलो गेले. हा मुद्दा मी तळटीप म्हणून नोंदवला आहे. प्रीमियमचा निकाल, लिटरला अठरा पॉइंट एक. किलोमीटरला पाच रुपये तीस पैसे. म्हणजे नाना उतरूनसुद्धा प्रीमियम साध्यापेक्षा चार पैसे महागच पडलं. मी अगदी हेच म्हणालो होतो. कुणी अभिनंदन केलं? कॉलनीत विचारत होते ते एकच, "सर, जामीन मिळाला का?"

तिसरी फेरी बाटलीची. जळगावात साधं डिझेल गळ्यापर्यंत, वर अभिमनची निळी बाटली. वजन म्हणून या वेळी मी विटा घेतल्या. विटा मेहुण्याकडे उतरत नाहीत. धुळ्याला दुपारी पोचलो. नूतननं शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी असा बेत केलेला. अभिमन बाटल्या पोचवायला चाळीसगावला गेला होता. जेवण झाल्यावर डोळा लागू लागला तेव्हा नूतन म्हणाली, "जिजाजी, तुम्ही पडा. मी आणि पुनम तुमची गाडी घेऊन आग्रा रोडला जाऊन येतो, तिच्या साड्यांचे ब्लाउज आणायचेत." मी म्हणालो, "न्या, पण विटांना हात लावू नका. आणि किलोमीटर मोजले जातील." चार किलोमीटर झाले, मी ते एकशे नव्वदमध्ये मिळवले. मी काही सोडत नाही.

जळगावला पंपावर टाकी फुल केली आणि मीटरकडे बघतच राहिलो. नऊ लिटर. एकशे चौऱ्याण्णव भागिले नऊ. एकवीस पॉइंट सहा!

मी तीनदा भागाकार केला. कागदावर, मोबाइलवर, मनात. घरी येऊन विटा मोजल्या. विटा पूर्ण. बाटलीचे पैसे धरूनसुद्धा किलोमीटरला चार रुपये त्रेसष्ट पैसे. चारनं वाढतं म्हणाला होता, सव्वाचारनं वाढलं होतं. अभिमन! ज्याला दहावीला गणितात पस्तीस होते!

सुलक्षणा वही बघून म्हणाली, "अहो, सतरा लिहा की. तिथे बघायला कोण होतं?"

माझ्या घरात, माझ्या बायकोनं, मला हे सांगावं? "मी होतो बघायला," मी म्हणालो, आणि दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती म्हणते, ते दोन दिवस फार शांततेत गेले.

लग्नाच्या दिवशी धुळ्याच्या मंगल कार्यालयात माईकवाला आल्या-गेल्या प्रत्येकाचं नाव घेऊन हार्दिक स्वागत करत होता. अक्षता पडल्या. अक्कांनी पहिल्या रांगेतून माझ्याकडे बोट केलं. मी उठलो. माईक हातात घेतला. समोर माझ्या बत्तीस वर्षांच्या बॅचेस बसल्या होत्या.

"अभिमन म्हणाला ते खरं निघालं. माझं गणित चुकलं."

टाळ्या अशा वाजल्या की बँडवाल्यांना वाटलं, आपल्याला बोलावलं. मागच्या बाकावरचे माझे जुने ढ विद्यार्थी उभे राहून वाजवत होते. अभिमनचे डोळे भरले होते. त्यानं मला मिठी मारली आणि लगेच व्याह्यांना बाटलीबद्दल सांगू लागला. मी संतापानं जेवणाच्या हॉलमागे, पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उभा राहिलो.

तिथे नूतन आली. लेकीच्या लग्नाची दमणूक चेहऱ्यावर, आणि वर आणखी काहीतरी.

"जिजाजी, एक सांगायचंय. रागावू नका."

"आता आणखी काय राहिलंय?"

"त्या दिवशी गाडी नेली ना, तेव्हा पुनम दुकानात असताना पंपावर दोनशेचं डिझेल टाकलं होतं मी."

मी पिंपातून पेला भरून घेतला.

"दोनशेचं? म्हणजे किती लिटर?"

"ते मला नाही माहीत. दोनशे म्हटलं, राउंड फिगर."

एक्याण्णवचा भाव. दोनशे भागिले एक्याण्णव, दोन पॉइंट दोन. नऊ अधिक दोन पॉइंट दोन, अकरा पॉइंट दोन. एकशे चौऱ्याण्णव भागिले अकरा पॉइंट दोन. सतरा पॉइंट तीन. साध्या डिझेलचं आलं होतं तेच, दशांशापर्यंत तेच! बाटलीनं शून्य! मी पंगतीत म्हणालो होतो ते अक्षरशः शून्य! आणि पाच मिनिटांपूर्वी मी भर मांडवात...

"नूतन! अगं, का? का केलंस हे?"

"हळू बोला," ती म्हणाली. "कारखाना बंद पडल्यापासून ते दीड वर्ष घराबाहेर पडले नव्हते, जिजाजी. कुणी आलं तर आतल्या खोलीत जाऊन बसायचे. साखरपुड्यात तुमच्याशी भांडले ना, ते त्यांचं चार माणसांतलं पहिलं बोलणं. पुनम मला म्हणाली, आई, बाबा भांडताहेत बघ." तिनं पदरानं डोळे पुसले. "तुमचं गणित चुकलं तर तुम्ही चार दिवस चिडाल. त्यांचं चुकलं असतं तर लेकीच्या लग्नात ते मांडवातून उठून गेले असते."

मला फार राग आला होता. तिचा राग, अभिमनचा राग, आणि सगळ्यात जास्त राग याचा, की तिच्या हिशेबात मला एकही चूक सापडत नव्हती.

"त्याला माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही. आणि सांगायचं असेल तर आत्ता सांगा. पाठवणीच्या वेळी नको."

तेवढ्यात आतून अभिमनचाच आवाज आला, माईकवरून, घसा फुटेपर्यंत खूश. "सर! सर कुठे आहेत? मुलाकडची काही मंडळी आत्ता आली, त्यांनी ऐकलं नाही म्हणे. सर, एकदाच परत सांगा ना!"

नूतन माझ्याकडे बघत होती. मी पाण्याचा पेला ठेवला आणि आत गेलो. माईक घेतला. अभिमन शेजारी, नव्या सदऱ्यात, छाती काढून उभा. मुलाकडची तीस-चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती.

मी बाटलीबद्दल एक शब्द बोललो नाही. प्रीमियमबद्दल नाही, चारनं वाढतं की नाही याबद्दल नाही. फक्त तेवढंच वाक्य म्हणालो, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल असं.

"माझं गणित चुकलं."

पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ते खरं नव्हतं, आणि मला ते ठाऊक नव्हतं. या वेळी ते शंभर टक्के खरं होतं. वहीत एकवीस पॉइंट सहा लिहिलं आहे, ते चूकच आहे. दोन पॉइंट दोन लिटर धरायचे राहिले. टाळ्या मात्र दोन्ही वेळा सारख्याच वाजल्या, आणि त्या मांडवात बरोबर उत्तर माहीत असलेली आम्ही दोनच माणसं होतो. त्यातली एक लेकीच्या पाठवणीच्या तयारीला आत निघून गेली.